१७५ चा दिवस

पहाटे ४.४०

पंखे सुरू झालेत. नदीकाठच्या बागांतून घरघर येते आणि खिडकीची काच थरथरते. एप्रिलचा शेवटचा आठवडा आहे, सफरचंद पूर्ण फुलोऱ्यात आहे. अमेरिकेतल्या कॅस्केड पर्वताच्या पूर्वेकडच्या या वेनॅची खोऱ्यात रात्रीची थंड हवा उतारावरून घसरत खाली येते आणि कोलंबिया नदीच्या काठी साचून राहते. उंच खांबांवरचे हे पंखे वरची जरा उबदार हवा खाली ढकलतात. फुलं उमललेली असताना पारा २८ अंश फॅरनहाइटवर (उणे २.२ सेल्सिअस) अर्धा तास टेकला तर दहातलं एक फूल जातं. २५ वर टेकला तर दहातलं एखादंच उरतं. अख्खा हंगाम या तीन अंशांत अडकलेला असतो.

मोबाइलवर पाहते. वरच्या केंद्रावर ३५, खालच्या कोपऱ्यात ३२. फुलं वाचली.

माझा संबंध त्या फुलांपेक्षा त्यांच्यापासून हातभर अंतरावर, खोडाच्या सालीखाली बसलेल्या किडीशी आहे. कॉडलिंग मॉथ. सफरचंदात जी अळी निघते आणि ज्या अळीमुळे अख्खी पेटी परत येते, तिचा हा पतंग. पूर्ण वाढलेली अळी सालीच्या खपलीखाली रेशमी घर विणते आणि त्यातच हिवाळा काढते. तिच्या शरीरद्रवात ट्रेहॅलोज नावाची साखर वाढते, त्यामुळे शून्याखाली बराच पारा उतरला तरी ती गोठत नाही. उणे २५ सेल्सिअसच्या आसपास मात्र मरू लागते. तेव्हाही बुंध्याजवळ बर्फाखाली दडलेल्या अळ्या बचावतात. फुलांचा जीव घेणारी रात्र तिच्या खिजगणतीतही नसते.

थंडीने मेली असेल, हे वाक्य दर वसंतात कुणीतरी मला ऐकवतंच. पंख्यांच्या आवाजात परत डोळा लागतो.

सकाळी ५.४५

चहा आणि हिशेब. बागायतदारांना किडीचा सल्ला देणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यातला निम्मा वेळ मी किडीकडे नाही, तापमानाकडे बघत असते.

कॉडलिंग मॉथची वाढ ५० अंश फॅरनहाइटच्या (१० सेल्सिअस) खाली थांबते. तापमान ८८ च्या (३१ सेल्सिअस) वर गेलं तरी ती आणखी वेगाने होत नाही. या दोन रेघांच्या मध्ये दिवसाने जेवढी ऊब दिली तेवढी जमा करायची. तिला डिग्री-डे म्हणतात. ज्यांनी गावात पिग्मीचं खातं पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. दुकानदार जमेल तेवढं रोज टाकतो, एखाद्या दिवशी काहीच टाकत नाही, पण आधी टाकलेलं कमी होत नाही. १ जानेवारीपासून मोजायला लागायचं. बेरीज १७५ झाली की पहिले पतंग बाहेर पडतात. ४२५ ला अंड्यांतून अळ्या निघू लागतात, आणि त्या फळात शिरायच्या आत त्यांना गाठावं लागतं. आत शिरली की संपलं, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही.

काल सकाळपर्यंतची बेरीज १६६ होती. काल कमाल ६६, किमान ३३. सरासरी ४९.५, म्हणजे ५० च्या खाली. साध्या हिशेबाने कालचा दिवस फुकट गेला, जमा शून्य. पण दिवस असा सरासरीने जात नाही. पहाटे ३३ होतं हे खरं, पण दुपारी बारा ते सहा सालीखालच्या कोषाला साठच्या वरची ऊब मिळालीच ना? म्हणून दिवसाचं तापमान लाटेसारखं चढतं-उतरतं असं धरून फक्त ५० च्या वरचा भाग मोजायचा. तसं मोजलं की कालचे पाच निघतात. थंड वसंतात असे ‘शून्या’चे दिवस ओळीने येतात. दोन हिशेबांतला फरक हळूहळू आठवड्याचा होतो, आणि आठवड्यात अळी फळाच्या गाभ्यात पोचलेली असते.

आज सकाळी १७१. आजचा अंदाज कमाल ७२, किमान ३५, म्हणजे पावणेआठ. आज १७५ ओलांडणार.

हा हिशेब आता बागायतदाराच्या मोबाइलवर आयता मिळतो. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचं फळझाड संशोधन केंद्र इथेच, वेनॅचीत आहे आणि त्यांची यंत्रणा हवामान केंद्रांवरून सगळं मोजून देते. तरी मी वहीत मांडते. यंत्र केंद्रापाशी मोजतं, कीड बागेत असते.

सकाळी ७.१०

गाडीत बाबांचा फोन. गावी, वरूडला संध्याकाळचे पावणेआठ वाजत आलेत.

“उठलं काय व माय तुह्यं पाखरू?”

“आज उठंल बहुतेक.”

“आमच्या इकडं त्रेचाळीस हाये आज. इथं मोजली असती तं एका दिवसात उडून गेलं असतं.”

मी सांगते की ८८ च्या वरचं धरत नाहीत, वरूडच्या उन्हाचेही दिवसाला अडतीस डिग्री-डेच्या वर मिळणार नाहीत. आणि मुळात ती तिथे टिकणारही नाही. तिला पोटभर हिवाळा लागतो. भारतात ती फक्त लडाखमध्ये आहे, आणि तिच्यापायी तिथली ताजी फळं बाहेर न्यायला कितीतरी वर्षं बंधनं होती.

बाबांचा संत्र्याचा बगीचा आणि थोडी पऱ्हाटी, म्हणजे कापूस. किडी झोपतात हे त्यांना मी सांगायची गरज नाही. हुमणीचे भुंगेरे वळवाचा पहिला चांगला पाऊस पडला की त्या संध्याकाळीच कडुनिंबावर येतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलंय. गुलाबी बोंडअळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यात दडी मारते, म्हणून फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर राखलेलं पीक) घेऊ नका, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, हे ते गावात दुसऱ्यांना सांगतात. फरक एवढाच की आपल्याकडे किडीला उठवण्यात पावसाचा मोठा वाटा असतो. इथे पाऊस असतोच किती? वर्षाला जेमतेम नऊ इंच, तोही बराचसा बर्फ होऊन पडतो. बागा नदीच्या पाण्यावर उभ्या. इथली कीड पावसाची वाट बघत बसली तर संपेल.

“मंग तिले कसं समजते?” बाबा विचारतात.

बाग आली. रात्री सांगते म्हणून फोन ठेवते. त्याचं उत्तर दोन वाक्यांत होत नाही.

सकाळी ७.५०

सापळे. नारंगी, त्रिकोणी, झाडाच्या वरच्या एकतृतीयांश भागात टांगलेले, साधारण अडीच एकरांना एक. तळाला चिकट कागद, मध्ये आमिषाची रबरी गोळी. तिच्यात मादीचा कामगंध आणि सोबत पिकल्या नाशपातीच्या वासातलं एक द्रव्य. त्यामुळे नर तर येतातच, माद्याही सापडतात. पहिल्या सापळ्यात दोन माश्या आणि एक बिचारी मधमाशी. दुसरा रिकामा. तिसरा रिकामा. पुढचे सगळे तसेच.

बागेत मुकादम आणि त्याची टोळी लांब काठ्यांनी शेंड्यांत गंधाच्या लालसर नळ्या अडकवतायत. कापसात गुलाबी बोंडअळीसाठी आपल्याकडे अशा दोऱ्या आता बांधतात, तोच प्रकार. एकरी दोनशे ते चारशे नळ्या, सगळीकडे मादीचा वास, नराला खरी मादी सापडत नाही. हा वास कोणत्या रेणूचा ते १९७१ मध्ये कळलं आणि १९९१ मध्ये अमेरिकेत अशा नळ्यांना परवानगी मिळाली. त्याआधीचा इतिहास फवाऱ्यांचा आहे. आधी लेड आर्सेनेट, मग डीडीटी, मग अ‍ॅझिनफॉस-मिथाइल. लेड आर्सेनेट बंद होऊन कितीतरी दशकं झाली, तरी जुन्या बागांच्या मातीत शिसं आणि आर्सेनिक अजून सापडतं. त्या जमिनींवर आता घरं आणि शाळा झाल्यात. शतकभर माणसं कॅलेंडर बघून फवारत होती. पाकळ्या गळाल्या की पहिला हात, मग ठरावीक दिवसांनी दुसरा, तिसरा. कीड मात्र कॅलेंडर बघत नव्हती.

नळ्या पतंग उडायच्या आधी लागायला हव्यात. एकदा मीलन झालं की वासाचा काय उपयोग? मुकादम मूळचा मेक्सिकोचा. मला ‘इंजेनिएरा’ म्हणतो आणि माझं मोडकं स्पॅनिश सोसतो.

“आज?” तो विचारतो.

“आज रात्री, ऊब राहिली तर.”

तो टोळीकडे बघतो, मग वरच्या चढाकडे. चढावरचं काम बाकी आहे. मी काही बोलत नाही, त्याला दिसतंय.

सकाळी ९.३०

खोऱ्याच्या जुन्या टोकाला एक बाग आहे, साठ-सत्तर वर्षांची मोठी झाडं, सालीला खोल भेगा. नवीन बागांत झाडं तारांवर, बारीक खोडाची, गुळगुळीत सालीची. तिथे अळीला लपायला जागा कमी. इथे चंगळ. खिशातल्या बोथट सुरीने मी सालीच्या खपल्या उचलते. हे काम मला मनापासून आवडतं आणि ते माझ्या बिलात कुठेच बसत नाही.

दक्षिणेकडच्या बाजूने सुरुवात करते. पहिलं घर रिकामं, कडेला भोक. सुतारपक्षी, नाहीतर एखादा भुंगेरा. दुसऱ्यात कोष, तपकिरी, चकचकीत, आत डोळे काळे झालेले. हा आज-उद्याचा. तिसऱ्यात कोषच, पण फिका. मग उत्तरेकडे जाते, जिथे सकाळचं ऊन पोचत नाही. तिथे तीनपैकी एक अजून अळीच आहे. फिकट गुलाबी, डोकं तपकिरी, सुरीच्या टोकाने हलवलं की अंग आखडते.

एकाच झाडाच्या दोन बाजू, आणि त्यांच्यात आठवड्याचा फरक. जानेवारी-फेब्रुवारीत हवा चाळीसची असताना उन्हातल्या सालीखाली पन्नास-पंचावन्न सहज होतं. हवामान केंद्राला ते दिसत नाही. म्हणून १७५ हा एखादा क्षण नाही, ती झुंडीची पुढची कड आहे. नर माद्यांपेक्षा थोडे आधी निघतात, दक्षिणेकडचे उत्तरेकडच्यांच्या आधी, वरच्या चढावरचे खोलगटातल्यांच्या आधी.

त्या उरलेल्या अळीकडे मी जरा जास्त वेळ बघते. ती फक्त थंड बाजूला असल्याने मागे राहिली असेल. किंवा तिची झोपच संपली नसेल. मोजक्या का होईना, काही अळ्या दोन हिवाळे झोपून काढतात आणि पुढच्या वर्षी उठतात. एखाद्या साली सगळी फुलं गारठून गेली, बागेत एक फळ धरलं नाही, तर त्या वर्षी उठलेल्यांचं वंशसातत्य खुंटतं. झोपलेल्यांचं नाही. किडीने हा विमा कधी काढला असेल कोण जाणे, पण हप्ता थोडा आहे आणि भरपाई पूर्ण आहे.

खपली जागेवर दाबून ठेवते. अळी मारत नाही. एका अळीने माझ्या आकड्यांत फरक पडत नाही, आणि तिला मी पुढच्या आठवड्यात परत बघणार आहे.

सकाळी ११.१५

आमच्या कचेरीच्या मागे एक खोली, दोन फ्रिज आणि एक उबदार कपाट. इथे बाबांच्या प्रश्नाचं उत्तर ठेवलंय.

अळी कशाने झोपते? थंडीने, असं बहुतेकांना वाटतं. पण थंडी पडायची वाट बघितली तर फार उशीर होईल, एका रात्रीत बर्फ पडतो. म्हणून झोपेचा निरोप तिला दिवसाची लांबी देते. वेनॅचीत जूनमध्ये दिवस सोळा तासांच्या जवळ असतो, ऑगस्टच्या मध्यावर सव्वाचौदावर येतो. फळाच्या आत असलेली कोवळी अळी हा फरक ओळखते. सफरचंदाच्या गरातून प्रकाश आत पोचतो, पुरेसा पोचतो. दिवस ठरावीक मर्यादेच्या खाली गेला की तिचं पुढचं आयुष्य वेगळ्या वाटेला लागतं. ती खाते, वाढते, चरबी साठवते, खोडावर उतरते, घर विणते. पण कोष करायचा हुकूम देणारं संप्रेरक तिचा मेंदू सोडतच नाही. बाहेर ऐंशी अंश असले तरी ती झोपते. आणि ही मर्यादा सगळीकडे सारखी नाही. उत्तरेकडच्या अळ्या दिवस अजून लांब असतानाच झोपायला निघतात, कारण त्यांचा हिवाळा लवकर येतो. दक्षिणेकडच्या उशिरापर्यंत थांबतात.

आता उठायचं कसं? सप्टेंबरमध्ये आम्ही खोडांना नालीदार पुठ्ठ्याच्या पट्ट्या गुंडाळतो. अळ्यांना पुठ्ठ्याच्या नळ्या सालीपेक्षा सोयीच्या वाटतात, त्या आपणहून येऊन भरतात. त्या पट्ट्यांचे तुकडे चार अंश सेल्सिअसच्या फ्रिजमध्ये जातात. मग थोडे थोडे बाहेर काढायचे आणि उबदार कपाटात, सोळा तास उजेडात ठेवायचे. वर्षानुवर्षं चित्र तेच असतं. जे तुकडे थंडीत न ठेवताच उबेत ठेवले, त्यांतून आठवडेच्या आठवडे काही निघत नाही. मग एखादा पतंग, पुन्हा शांतता, मग दुसरा. जे मधेच काढले, त्यांतून निघतात पण रडतखडत, पांगून. ज्यांनी थंडी पुरेपूर भोगली ते मात्र उबेत ठेवले की काही दिवसांच्या आत जवळपास एकदम निघतात.

म्हणजे थंडी नुसती अळीला थांबवून धरत नाही, ती तिच्या झोपेचं काम पुरं करते. साधारण नाताळानंतर बहुतेक अळ्यांचं ते काम उरकलेलं असतं. त्यानंतर त्या झोपलेल्या नसतात, नुसत्या गारठून थांबलेल्या असतात, आणि तिथून पुढे मिळेल ती ऊब खात्यात पडते. मोजणी १ जानेवारीला सुरू होते ती याच हिशेबाने. तारखेत जादू काही नाही.

नोव्हेंबरातला उबदार आठवडा अळीच्या दृष्टीने वाया जातो, कारण आत मेंदूचं दारच उघडलेलं नसतं. फेब्रुवारीतला तसाच आठवडा मोजला जातो. पारा तोच, किंमत वेगळी. इथल्या लोकांना समजावताना मला सगळ्यात जास्त वेळ इथे लागतो. त्यासाठीच हे फ्रिज चालू ठेवलेत. कपाटाचं दार उघडून दोन डबे शेजारी दाखवले की पाच मिनिटांत पटतं, नाहीतर तासभर बोलूनही पटत नाही.

आजच्या डब्यांत काही नवं नाही. नोंद करते, फ्रिज बंद करते.

दुपारी १.००

पोळीभाजी, गाडीतच. समोर एका पॅकिंगवाल्याच्या अंगणात लाकडी खोक्यांची चळत, फळं तोडताना वापरतात ती. तोडणीच्या वेळी फळातून निघालेल्या अळ्या यांच्या फटींत शिरतात आणि खोक्यांबरोबर फिरतात. चळतीच्या पोटात ऊन पोचत नाही, त्यामुळे तिथले पतंग बागेतल्यांच्या मागून, उशिरा निघतात. बागेतला पहिला हात मारून झाल्यावर, सगळे निर्धास्त असताना. आता प्लॅस्टिकची खोकी वाढतायत, ते एक बरं.

दुपारी २.३०

बागमालक. वय सत्तरीच्या पुढे, तिसरी पिढी, माझ्याहून जास्त वसंत बघितलेला माणूस. ट्रॅक्टरजवळच उभा राहून बोलतो.

“फेब्रुवारीत दहा दिवस शर्ट काढून छाटणी केली पोरांनी. तू म्हणतेस पतंग आज निघणार? तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच येऊन गेला. सापळ्यात दिसला नाही म्हणजे सापळे खराब. मी उद्या फवारतो.”

त्याचं चुकतं कुठे तर प्रमाणात. मी वही काढते. फेब्रुवारीच्या त्या दिवसांत कमाल ५८, किमान ३६ धरू. एका दिवसाचे दोन डिग्री-डे आणि थोडे सुटे. दहा दिवसांचे एकवीस. तो आकडा आधीच माझ्या बेरजेत आहे. मेमध्ये ७५ आणि ४८ चा एक दिवस जवळजवळ बारा देतो. म्हणजे त्याच्या फेब्रुवारीच्या दहा दिवसांची किंमत मेच्या दोन दिवसांपेक्षाही थोडी कमीच. माणसाला ५८ अंश हिवाळ्यात ऊन वाटतं, कारण तो काल २० अंशांत होता. अळी कालशी तुलना करत नाही, पन्नासच्या रेघेशी करते.

“आणि सापळ्याचं म्हणशील तर,” मी पुढे बोलते, “तुझ्या बागेत नळ्या आहेत. त्या वासात नराला सापळाही नीट सापडत नाही. पूर्वी पहिला पतंग सापडला त्या दिवसापासून मोजायचे, आता जानेवारीपासून मोजतात ते म्हणूनच.”

तो वहीकडे बघतो. मग दुसरा प्रश्न टाकतो, आणि तो जास्त अवघड आहे. “गेल्या ऑगस्टमध्ये इतकं तापलं. तिसरी पिढी का आली मग? दिवस लहान झाला की झोपते ना ती?”

झोपते. पण त्या वेळी कोवळी अळी कोण आहे यावर ते अवलंबून. ऑगस्टच्या मध्याला दिवस जे सांगतो ते त्या वेळी फळात लहान असलेल्या अळीला ऐकू येतं. जून-जुलै जोरात तापले तर दुसरी पिढी तोवर बरीच पुढे गेलेली असते, तिच्यातल्या पुढच्या काही अळ्या निरोप यायच्या आधीच वाढून कोषात जातात, आणि त्यांच्यापासून तिसरी सुरू होते. शिवाय कडक उन्हात झोपायला निघालेल्या काही अळ्या झोपायचं टाळतात. उन्हाने वेळापत्रक अलीकडे ओढलं, दिवसाने दार लावलं, आणि त्या दोघांच्या मधल्या फटीतून जेवढ्या सुटल्या त्यांनी तुझी शेवटची तोडणी खाल्ली.

“म्हणजे जास्त तापलं की जास्त पिढ्या. आणि वसंतात लवकर.”

इथे मला घाईने होकार द्यायचा नसतो. जास्त तापलं की लवकर, हे एप्रिलपुरतं खरं आहे. पण हिवाळाच पातळ झाला, झोपेचं काम अर्धवट राहिलं, तर माझ्या डब्यांत दिसतं तेच बागेत दिसेल. काही लवकर उठतील, काही फार उशिरा, मधे लांबलचक रांग. वेनॅचीचा हिवाळा अजून बक्कळ आहे, इथे ते सध्या होत नाही. जिथे हिवाळा आधीच जेमतेम आहे तिथल्या बागायतदाराला ‘कीड लवकर येतेय’ असं सांगणं अर्धंच खरं ठरेल. लवकर आलेल्या किडीशी लढता येतं, एक तारीख असते. दोन महिने पाझरत राहणाऱ्या किडीशी लढताना फवारे वाढतात, आणि फवारे वाढले की काय होतं ते या खोऱ्याच्या मातीत लिहिलेलं आहे.

तो फवारणी थांबवायला तयार होतो, पण पूर्ण नाही. म्हणतो, चढावरच्या दहा एकरांत तरी मारतो. मी म्हणते, अंडं नाही तर फवारा कशावर? तो हसतो. उद्याची फवारणी पुढे जाते. दहा एकरांचा प्रश्न तसाच राहतो.

दुपारी ४.२०

७३ अंश. अंदाजापेक्षा एक जास्त. फोन, फोन, फोन. सगळे एकच विचारतात. एकीला तैवानला माल पाठवायचाय. तिथे तपासणीत हंगामात तीन जिवंत अळ्या सापडल्या की दार बंद, असा नियम ती मला वाचून दाखवते. एकेका अळीची भीती या धंद्यात किती मोठी असते ते तिच्या आवाजात कळतं.

संध्याकाळी ७.३५

पुन्हा जुन्या बागेत, झाडाला थर्मामीटर टांगून. कॉडलिंग मॉथ सूर्यास्ताच्या सुमारास उडतो आणि त्या वेळी हवा ६२ च्या (१७ सेल्सिअस) आसपास असावी लागते. खूप थंडी असली की मादी बाहेर निघूनही नुसती बसून राहते, मीलन नाही, अंडी नाहीत. म्हणून १७५ झाले म्हणजे सगळं झालं असं नाही. काल अंधार पडताना ५५ होतं. काल निघालेले पतंग, निघाले असलेच तर, फांदीला चिकटून बसले असतील.

आठ वाजता ६५. सव्वाआठला ६४, ऊन गेलेलं. डास चावतात.

साडेआठला टॉर्च लावून दक्षिणेकडचा सापळा उतरवते. चिकट कागदावर एक पतंग, पंख अजून फडफडवणारा. राखाडी, आडव्या बारीक रेघा, पंखांच्या टोकाला तांब्याच्या रंगाचा डाग. चिमट्याने उलटवून पुढच्या पंखाखालचा काळपट पट्टा बघते. नर आहे. पोट दाबून बघते, आत गुलाबी नाही. कॅनडातल्या ओसोयूसला वंध्य पतंग कारखान्यात तयार करून बागांत सोडतात. त्यांच्या खाद्यात रंग घालतात, म्हणून त्यांचं पोट आतून गुलाबी निघतं. हा इथलाच आहे, सालीखालून आलेला.

पुढच्या दोन सापळ्यांत काही नाही. चौथ्यात आणखी एक.

रात्री ९.२०

आजचं कमाल ७३, किमान ३५. आठ डिग्री-डे धरते. बेरीज १७९. सगळ्या बागायतदारांना निरोप लिहिते: ‘पतंग सुरू. अंडी फुटणं ४२५ ला. सध्याच्या अंदाजाने मेच्या मध्यानंतर. ३७५ ला तेलाची फवारणी, ज्यांना ती घ्यायची आहे त्यांनी. तेल घेणाऱ्यांनी पहिला मुख्य हात ५२५ पर्यंत थांबवावा. उद्या कुणीही कीटकनाशक मारू नये, फुलांवर मधमाश्या आहेत आणि मारायला समोर काही नाही.’ दहा एकरवाल्याला तोच निरोप वेगळा पाठवते, शेवटच्या वाक्याखाली रेघ ओढून.

बाबांना फोन लावते. तिकडे सकाळचे दहा वाजायला आलेत. ते पाणी सोडायला बगीच्यात गेलेत, आई सांगते.

मुकादमाचा निरोप येतो. चढावरच्या चार ओळी राहिल्यात, शिड्या कमी आहेत, उद्या सकाळी सहाला दोन शिड्या मिळतील का?

मिळतील. मीच घेऊन येते.